रेणूची रचना आणि प्रदूषकाची ओळख : भंडारा जिल्ह्यातील पाण्याच्या निमित्ताने वायु-वर्णलेखनाचा परिचय

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश म्हणून महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. मालगुजारांच्या काळात बांधले गेलेले व कोहळी समाजाच्या बांधणी-कौशल्याची साक्ष देणारे तलाव, तसेच गावोगावच्या लहान बोड्या, आजही धानाच्या बांध्यांना पाणी पुरवितात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी दोन्ही जिल्ह्यांचा हा जलस्वभाव एकच राहिला. बांधीतले पाणी पावसाबरोबर बोडीत, बोडीतले नाल्यात आणि नाल्यातले वैनगंगेत जाते. त्याच पाण्यात ढिवर मासेमारी करतात, गुरे पाणी पितात आणि त्याच्याच झिरप्याने विहिरी भरतात. रोवणीनंतर खोडकिडा, गादमाशी व तुडतुडे यांच्या बंदोबस्तासाठी बांधीत जे औषध पडते, त्याचा काही अंश याच वाटेने प्रवास करतो.

हा केवळ तर्क नव्हे. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी भंडारा, अमरावती व यवतमाळ या शेतीप्रधान भागांतील भूपृष्ठावरील व भूगर्भातील पाण्याची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यांनुसार भंडारा भागातील भूपृष्ठजलात मिथिल पॅराथिऑन हे कीटकनाशक लिटरला ०·४२ मायक्रोग्रॅम, तर भूजलात क्लोरपायरीफॉस हे लिटरला ०·२५ मायक्रोग्रॅम आढळले. भंडारा व यवतमाळ भागांतील काही भूपृष्ठजलाच्या नमुन्यांत सर्व कीटकनाशकांची बेरीज, तुलनेसाठी घेतलेल्या लिटरला १ मायक्रोग्रॅम या युरोपीय मर्यादेपेक्षा अधिक भरली. निरनिराळ्या कीटकनाशकांची स्वतंत्र प्रमाणे मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेत होती, असेही या संशोधकांनी नमूद केले आहे.

या आकड्यांचा अर्थ प्रथम ध्यानात घ्यावा. एक लिटर पाणी म्हणजे सुमारे एक अब्ज मायक्रोग्रॅम. त्यात अर्ध्या मायक्रोग्रॅमहून कमी भरणारा पदार्थ डोळ्यांना दिसत नाही, चवीला लागत नाही आणि साध्या रासायनिक परीक्षेस दाद देत नाही. मग तो आहे हे कशावरून ठरते? आणि तो मिथिल पॅराथिऑनच आहे, दुसरे काही नाही, हे कोणत्या आधारावर सांगता येते? याचे उत्तर त्या पदार्थाच्या रेणूच्या रचनेत आहे. ही रचना ज्या पद्धतीने वाचली जाते ती वायु-वर्णलेखनाची पद्धत प्रस्तुत लेखात समजावून घ्यावयाची आहे. ती समजल्याशिवाय पाण्याच्या अहवालावर ठेवलेला विश्वास आंधळा ठरतो आणि त्यावर घेतलेला संशयही आंधळाच ठरतो.

विभाजनाचे तत्त्व

वर्णलेखनाची कल्पना रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. वनस्पतींतील रंगद्रव्यांचा द्राव त्यांनी खडूच्या भुकटीच्या स्तंभातून झिरपविला, तेव्हा निरनिराळी रंगद्रव्ये निरनिराळ्या पट्ट्यांनी वेगळी झाली. मार्टिन व सिंज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४१ साली या पद्धतीला विभाजनाच्या तत्त्वाची जोड दिली. द्रवाऐवजी वायू वापरूनही असे विलगीकरण साधता येईल, हेही त्यांनी त्याच वेळी सुचविले होते. ही सूचना जेम्स व मार्टिन यांनी १९५२ साली प्रत्यक्षात आणली. त्याच वर्षी मार्टिन व सिंज यांना विभाजन-वर्णलेखनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

आजच्या उपकरणातील स्तंभ म्हणजे सामान्यतः तीस मीटर लांबीची, केसासारखी बारीक, वेटोळे केलेली सिलिकेची नळी होय. तिच्या आतील भिंतीवर सिलिकोनसारख्या न उडणाऱ्या द्रवाचा अतिशय पातळ लेप असतो. या लेपाला स्थिर प्रावस्था म्हणतात. नळीतून हेलियम किंवा नायट्रोजन यांसारखा वाहक वायू सतत वाहत असतो. पाण्याचा नमुना सेंद्रिय द्रावकाबरोबर हलवून त्यातील कीटकनाशके द्रावकात घेतात व तो द्रावक आटवितात. एक लिटर पाण्याचा अर्क एक मिलिलिटरवर आणला, तर संहती हजारपट होते. त्यातील एक मायक्रोलिटर तप्त प्रवेशकक्षात सोडले की त्याची वाफ होते आणि वाहक वायू ती स्तंभात नेतो. वर सांगितलेल्या ०·४२ मायक्रोग्रॅमच्या नमुन्याबाबत, अर्क पूर्ण उतरला असे धरले तर, स्तंभात शिरणारे विष सुमारे ०·४२ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जांशाच्याही निम्म्याहून कमी भरेल.

आता प्रत्येक रेणूपुढे दोन मार्ग असतात. तो वायूत असेल तेव्हा पुढे सरकतो व लेपात विरघळलेला असेल तेव्हा थांबतो. आठवडी बाजाराच्या रस्त्याने एकाच वेळी निघालेली माणसे रस्त्याच्या टोकाला एकाच वेळी पोहोचत नाहीत. ज्याच्या ओळखीची दुकाने फार, तो वारंवार थांबतो व उशिरा पोहोचतो. ज्याला कोणी ओळखत नाही, तो सरळ निघून जातो. रेणूंचेही तसेच आहे. ज्याची बाष्पनशीलता अधिक आणि लेपाशी आकर्षण कमी, तो आधी बाहेर पडतो. प्रवेशापासून बाहेर पडेपर्यंत लागणाऱ्या काळास धारणकाल म्हणतात. स्तंभ, तपमान व वायूचा वेग हे तिन्ही कायम ठेवले, तर एका पदार्थाचा धारणकाल पुन्हा पुन्हा तोच येतो. शुद्ध पदार्थाचा धारणकाल आधी मोजून ठेवावा आणि पाण्याच्या अर्कातील शिखर त्याच क्षणी उमटते काय ते पाहावे, एवढीच या ओळखीची मूळ युक्ती आहे.

रेणुभार आणि ध्रुवीयता

धारणकाल कशावर अवलंबून असतो? विद्यार्थ्यांचे पहिले उत्तर बहुधा ‘रेणुभारावर’ असे असते. हे उत्तर निराधार नाही. एकाच कुळातील संयुगांत रेणुभार वाढला की परस्पर आकर्षण वाढते, बाष्पदाब घटतो आणि धारणकाल लांबतो. वरील तपासणीत शोधलेल्या सेंद्रिय फॉस्फरस संयुगांपैकी डायक्लोरव्हॉसचा रेणुभार २२१ व इथिऑनचा सुमारे ३८४ आहे. सर्वसाधारण अध्रुवीय स्तंभातून डायक्लोरव्हॉस या सर्वांआधी बाहेर पडते आणि इथिऑन अगदी शेवटी येते.

परंतु मध्यंतरीची दोन संयुगे पाहिली की हे उत्तर अपुरे ठरते. फोरेटचा रेणुभार २६० व मिथिल पॅराथिऑनचा २६३ आहे. दोहोंत तीन एककांचाच फरक असता ती जवळजवळ एकत्र बाहेर पडावयास हवीत. प्रत्यक्षात फोरेट बरेच आधी येते. याचे कारण रचनेत सापडते. फोरेटच्या रेणूत गंधकाच्या दुव्यांनी जोडलेल्या लवचिक साखळ्या आहेत व बेंझीनचे वलय नाही. मिथिल पॅराथिऑनमध्ये बेंझीनचे सपाट वलय असून त्याच्या एका टोकाला नायट्रो गट व दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनच्या दुव्याने जोडलेला फॉस्फरस आहे. नायट्रो गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे रेणूच्या एका भागात ऋण व दुसऱ्या भागात धन विद्युत्‌भाराचे आधिक्य होते. अशा रेणूला ध्रुवीय म्हणतात. ध्रुवीय रेणू एकमेकांना व लेपाला घट्ट धरून ठेवतात, आणि म्हणून तेवढ्याच वजनाचा असूनही हा रेणू मागे रेंगाळतो.

याच कुळातील पॅराथिऑन या संयुगात मिथिल गटांच्या जागी इथिल गट आहेत, म्हणजे दोन कार्बन व चार हायड्रोजन अणू अधिक. एवढ्या फरकाने त्याचा रेणुभार २९१ होतो व धारणकाल लांबतो. मात्र त्यामुळे ते क्लोरपायरीफॉसच्या अगदी निकट जाऊन बसते. क्लोरपायरीफॉसचा रेणुभार सुमारे ३५१ असून त्याच्या वलयावर नायट्रो गटाऐवजी तीन क्लोरीन अणू आहेत. एकाचे वजन जास्त, तर दुसऱ्याची ध्रुवीयता जास्त. आणि दोन्हींची बेरीज जवळजवळ सारखी. अशा वेळी शिखर एकच दिसते आणि ते कोणाचे, हे केवळ वेळेवरून सांगता येत नाही. सामान्य वाचकाच्या नजरेतून निसटणारा परंतु अत्यंत महत्त्वाचा मुद्दा येथे आहे : एका पदार्थाचा धारणकाल एकच असतो, परंतु एका धारणकालाचे पदार्थ अनेक असू शकतात. निरपराध पदार्थ दोषी ठरण्याचा व दोषी पदार्थ निसटण्याचा धोका येथेच उत्पन्न होतो.

या धोक्यावर उपाय असा की, तोच अर्क निराळ्या ध्रुवीयतेच्या लेपाच्या दुसऱ्या स्तंभातूनही सोडावा. पहिल्या स्तंभात योगायोगाने बरोबरीने धावणारे दोन रेणू दुसऱ्या स्तंभातही बरोबरीने धावतील, असे क्वचितच घडते. दोन्ही स्तंभांतील वेळा जुळल्या म्हणजे ओळख बरीच दृढ होते.

एकच सूत्र, चार स्वभाव

रचनेचा प्रभाव किती सूक्ष्म असू शकतो हे पाहावयाचे असेल, तर हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेनसारखे दुसरे उदाहरण नाही. आपल्याकडील जुने शेतकरी त्याला बीएचसी पावडर म्हणून ओळखतात. मायकेल फॅरेडे यांनी १८२५ साली सूर्यप्रकाशात बेंझीनवर क्लोरीनची क्रिया घडवून हे संयुग प्रथम तयार केले. पुढे १९१२ मध्ये फान डर लिंडेन यांनी त्याचे समघटक वेगळे केले. त्यांतील गॅमा समघटकास याच शास्त्रज्ञाच्या नावावरून लिंडेन हे नाव मिळाले. कीटकांना मारण्याचा गुण मुख्यतः या गॅमा समघटकात आहे. परंतु कारखान्यात तयार होणाऱ्या बीएचसीत त्याचे प्रमाण शेकडा १० ते १५ एवढेच असते. आल्फा समघटक ६० ते ७०, बीटा ५ ते १२ व डेल्टा ६ ते १० टक्के असतो. म्हणजे शेतात एक भाग औषध पडताना त्याच्या कितीतरी पट निरुपयोगी संयुगे पडत होती.

चारही समघटकांच्या रेणूंत सहा कार्बन, सहा हायड्रोजन व सहा क्लोरीन अणू आहेत. रेणुभार एक, अणूंची जोडणीही एकच. भेद आहे तो क्लोरीन अणूंच्या दिशांचा. सहा कार्बनांचे हे वलय सपाट नसून खुर्चीच्या आकारासारखे वाकलेले असते. प्रत्येक कार्बनवर दोन जागा असतात : एक वलयाच्या अक्षाला समांतर, म्हणजे अक्षीय, व दुसरी वलयाच्या कडेने बाहेर जाणारी, म्हणजे विषुववृत्तीय. गॅमात तीन क्लोरीन अक्षीय आहेत, आल्फात दोन, डेल्टात एक आणि बीटात एकही नाही. बीटाचे सहाही क्लोरीन कडेने पसरलेले असतात. अशा रचनांचे महत्त्व हासेल व बार्टन यांच्या कार्याने प्रस्थापित झाले, आणि त्याबद्दल त्यांना १९६९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता गंमत अशी की, गॅमाचा वितळबिंदू सुमारे ११३ अंश सेल्सिअस, तर बीटाचा ३०० अंशांहून अधिक. यावरून बीटा स्तंभातून सर्वांच्या शेवटी यावा असे वाटेल. परंतु अध्रुवीय स्तंभात क्रम आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असा लागतो आणि बीटा गॅमाच्या किंचित आधीच येतो. कारण वितळबिंदू हा स्फटिकाचा गुण आहे. बीटाचे सममित रेणू स्फटिकात एकमेकांवर घट्ट रचले जातात, म्हणून तो स्फटिक मोडण्यास फार उष्णता लागते. स्तंभात मात्र स्फटिक नसतो. तेथे प्रत्येक रेणू एकटाच लेपात विरघळलेला असतो आणि त्याच्या स्वतःच्या गुणांनीच त्याचा हिशेब होतो. पदार्थाचा गुण आणि रेणूचा गुण यांतील भेद इतक्या स्पष्टपणे दाखविणारी उदाहरणे थोडी आहेत.

हाच अर्क ध्रुवीय स्तंभातून सोडला तर चित्र पालटते. बीटा गॅमाच्या मागे पडतो व त्याच्यापासून स्पष्ट वेगळा होतो. याचे स्पष्टीकरण असे देता येते : बीटाचे सहाही हायड्रोजन अक्षीय जागी, वलयाच्या वर तीन व खाली तीन, उघडे असतात, शेजारच्या क्लोरीन अणूंनी इलेक्ट्रॉन ओढून घेतल्यामुळे त्यांवर अल्पसा धनभार असतो, आणि ध्रुवीय लेपातील ऋण भाग त्यांना पकडून ठेवतात. द्रव्यमान-वर्णपटमापक हे ओळखीचे मोठे साधन खरे, परंतु या चार भावंडांपुढे त्याचाही फारसा निभाव लागत नाही. रेणू फुटून जे तुकडे होतात ते चौघांचेही जवळजवळ सारखेच असतात. येथे ओळख पटवून देतो तो केवळ धारणकाल.

ही सूक्ष्म ओळख कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. तिची दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर इतिहासाचे. भारतात बीएचसीवर १९९७ पासून बंदी आली, लिंडेनचे उत्पादन २०११ मध्ये व वापर २०१३ मध्ये बंद झाला. पाण्यात आल्फाचे प्रमाण गॅमाच्या अनेक पट असेल, तर तो जुन्या बीएचसीचा अवशेष मानावा लागतो. गॅमाच प्रबळ असेल, तर संशय लिंडेनवर जातो. पोत्यावरची खूण पुसली गेली तरी समघटकांचे परस्परप्रमाण साक्ष देते. दुसरे उत्तर आरोग्याचे. हायड्रोजन क्लोराइड बाहेर टाकून रेणू मोडावयाचा, तर एक क्लोरीन व त्याच्या शेजारचा हायड्रोजन हे परस्परविरुद्ध अक्षीय दिशांना असावे लागतात. बीटात एकही क्लोरीन अक्षीय नसल्याने हा मार्गच बंद आहे. म्हणून मातीत, चरबीत व मातेच्या दुधात चौघांपैकी सर्वाधिक काळ टिकून राहणारा समघटक तोच. जी रचना स्तंभातील वेळ ठरविते, तीच शरीरातील मुक्कामही ठरविते.

अभिज्ञातकाची निवड

स्तंभातून बाहेर पडणाऱ्या रेणूची दखल अभिज्ञातक घेतो. इलेक्ट्रॉन-ग्राही अभिज्ञातकाची निर्मिती लव्हलॉक यांनी १९५७ च्या सुमारास केली. त्यात किरणोत्सारी निकेलच्या पत्र्यापासून निघणाऱ्या कणांमुळे वाहक वायूत मुक्त इलेक्ट्रॉन उत्पन्न होतात व एक क्षीण विद्युत्‌प्रवाह चालू राहतो. क्लोरीन किंवा नायट्रो गट असलेला रेणू आला की तो इलेक्ट्रॉन गिळतो, प्रवाह घटतो आणि शिखर उमटते. साध्या हायड्रोकार्बनांकडे हा अभिज्ञातक जवळजवळ दुर्लक्ष करतो, परंतु अनेक क्लोरीन असलेल्या रेणूचा तो पिकोग्रॅमच्या प्रमाणातही वेध घेतो. कीटकनाशकांच्या अवशेषांचे सारे आधुनिक ज्ञान या एका शोधाचे फार ऋणी आहे.

परंतु तो सर्वांना सारख्या नजरेने पाहत नाही. क्लोरपायरीफॉसचे तीन क्लोरीन व मिथिल पॅराथिऑनचा नायट्रो गट त्याला उत्तम दिसतात. फोरेटमध्ये यांपैकी काहीच नसल्याने त्याचा प्रतिसाद त्यामानाने क्षीण असतो. त्याच्यासाठी फॉस्फरस ओळखणारा अभिज्ञातक किंवा द्रव्यमान-वर्णपटमापक अधिक योग्य. उलट, कीटकनाशक नसलेले काही पदार्थही या अभिज्ञातकाला फसवितात. तलावाच्या तळाच्या काळ्या गाळात प्राणवायूच्या अभावी मूलद्रव्यरूप गंधक साचलेले असू शकते. ते अर्कात उतरले तर मोठमोठी शिखरे उमटतात. प्लॅस्टिकला मऊपणा आणणारे थॅलेट वर्गातील एस्टरही असाच भ्रम उत्पन्न करतात. म्हणून नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा, हा नियम केवळ टापटिपीचा नाही. घाईने प्लॅस्टिकच्या डब्यात भरलेले तलावाचे पाणी तलावाविषयी खोटी साक्ष देऊ शकते.

उपकरणाचा दोष आणि नदीचा दोष

काही रेणू इतके नाजूक असतात की ते स्तंभात पोहोचण्यापूर्वीच मोडतात. डीडीटी हे याचे सुपरिचित उदाहरण. जुन्या नमुन्यांची काजळी साचलेल्या तप्त प्रवेशकक्षात त्याचा काही भाग फुटून डीडीई व डीडीडी तयार होतात. आता निसर्गातही, सूक्ष्मजीवांच्या व सूर्यप्रकाशाच्या क्रियेने, डीडीटीपासून हीच दोन संयुगे बनतात. डीडीई अधिक म्हणजे फवारणी जुनी, डीडीटी अधिक म्हणजे फवारणी अलीकडची, असा अर्थ लावण्याची प्रथा आहे. प्रवेशकक्ष अस्वच्छ असेल, तर ताजे प्रदूषण जुने असल्याचा निर्वाळा हेच उपकरण देईल आणि ज्याने दक्ष व्हावयाचे तो निर्धास्त राहील. म्हणून प्रमाणित पद्धतीत शुद्ध डीडीटी सोडून त्याची मोडतोड शेकडा १५ पेक्षा जास्त होत नाही, याची खात्री आधी करून घ्यावी लागते. सेंद्रिय फॉस्फरस संयुगांनाही तप्त व अस्वच्छ पृष्ठभाग मानवत नाहीत.

स्तंभाबाहेरचा पडताळा

रेणूच्या रचनेवरून शेतातील वर्तनाचेही भाकीत करता येते. ऑक्टॅनॉल हा तेलासारखा द्रव व पाणी यांत वाटणी होऊ दिली, तर मिथिल पॅराथिऑन पाण्यापेक्षा तेलात हजारपटीच्या आसपास जाते, परंतु क्लोरपायरीफॉस सुमारे पन्नास हजारपट किंवा अधिक जाते. अर्थात क्लोरपायरीफॉस मातीतील सेंद्रिय अंशाला चिकटून राहावे आणि मिथिल पॅराथिऑन पाण्याबरोबर वाहून जावे, अशी अपेक्षा. भंडारा भागातील भूपृष्ठजलात मिथिल पॅराथिऑन सापडले, हे या अपेक्षेस धरून आहे. परंतु क्लोरपायरीफॉस भूजलात सापडावे, हे विचार करावयास लावणारे आहे. ते मातीच्या थरांतून विरघळून खाली उतरले, की उथळ विहिरीत पावसाळी लोंढ्याबरोबर मातीच्या कणांवर बसून आले? की वाळवीच्या बंदोबस्तासाठी घराच्या पायाशी ओतलेले औषध शेजारच्या विहिरीत उतरले? नमुना गाळून घेतलेला होता किंवा नाही, विहिरीला कठडा होता किंवा नाही, अशा साध्या नोंदींवर या प्रश्नांची उत्तरे अवलंबून राहतील. पुढील अभ्यासकांनी या नोंदी आवर्जून ठेवाव्यात. रचनेवरून केलेले भाकीत चुकते तेव्हा ते निरुपयोगी ठरत नाही. कोठे पाहावयाचे हे तेच दाखविते. मिथिल पॅराथिऑनवर २०१८ मध्ये भारतात बंदी आली आणि क्लोरपायरीफॉसचा समावेश २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत झाला. त्यामुळे त्याच तलावांची व विहिरींची पुन्हा तपासणी केल्यास बंदीचा परिणाम मोजण्याची उत्तम संधी मिळेल.

जे स्तंभातून जातच नाही

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. या पद्धतीची पहिली अट अशी की, रेणूची न मोडता वाफ झाली पाहिजे. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या रेणूत आम्ल व अमाइन हे दोन्ही गट आहेत. ते आयनांच्या रूपाने एकमेकांस जखडून राहतात, तापविल्यास रेणू उडत नाही, विघटित होतो. शिवाय ते पाण्यात इतके सहज विरघळते की सेंद्रिय द्रावकात उतरतच नाही. २,४-डी या तणनाशकातील आम्लगट आधी एस्टरमध्ये बदलावा लागतो, तेव्हाच ते स्तंभातून नीट जाते. मिथिल पॅराथिऑन मोडून तयार होणारे नायट्रोफिनॉल हेसुद्धा आपल्या हायड्रॉक्सिल गटामुळे स्तंभात अडखळते व त्याचे शिखर पसरट येते. म्हणजे वायु-वर्णलेखनाच्या अहवालात एखाद्या पदार्थाचे नाव नसणे आणि पाण्यात तो पदार्थ नसणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मजुरांच्या टंचाईमुळे निंदणीची जागा तणनाशके घेत असताना हा भेद विसरणे परवडणारे नाही.

तात्पर्य, ग्रामपंचायतीच्या सरपंचाने, शाळेच्या शिक्षकाने किंवा महाविद्यालयातील विद्यार्थ्याने आपल्या गावच्या पाण्याचा अहवाल हाती घेतला की त्याला पाच प्रश्न विचारावेत. कोणकोणत्या पदार्थांचा शोध घेतला? कोणता अभिज्ञातक वापरला? ओळख एका स्तंभावर ठरविली की दोन स्तंभांवर पडताळली? समघटक वेगवेगळे मोजले की त्यांची नुसती बेरीज दिली? आणि ‘आढळले नाही’ असे लिहिले आहे, तेथे किमान किती प्रमाणापर्यंत पाहिले होते? या प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात आहेत तो विश्वासास पात्र समजावा. ज्यात ती नाहीत तो खोटा असेलच असे नाही, परंतु तो अपुरा आहे. तलावाच्या पाळीवर उभे राहून पाणी निर्मळ दिसते की गढूळ एवढेच आपल्याला कळते. त्यात कोणते रेणू आहेत हे कळण्यासाठी स्तंभाची साक्ष घ्यावी लागते, आणि ती साक्ष तपासून घेण्याचे शहाणपण रेणूची रचना समजून घेतल्यानेच येते.